उजेडाच्या हिशोबाने मादागास्कर

मादागास्करची राजधानी ताना ते समुद्रकाठचं तुलिआरा, अंतर साधारण साडेनऊशे किलोमीटर. नकाशा पुढ्यात घेऊन बसलेला माणूस लगेच सांगतो, दोन दिवसांत आरामात. मादागास्करचा राष्ट्रीय मार्ग सात या गणिताला दाद देत नाही. रस्ता डांबरी आहे, पण डांबर सलग आहे असं कुणी म्हटलेलं नाही. मधल्या फिआनारान्त्सुआ शहराच्या पुढे तर कित्येक ठिकाणी डांबराची बेटं आणि मधे खड्डे, अशी उलटी तऱ्हा असते.

म्हणून किलोमीटर बाजूला ठेवायचे आणि उजेडाचे तास मोजायचे. जून-जुलैत, म्हणजे हवा कोरडी आणि फिरायला बरी असते तेव्हा, तिथे सव्वासहाच्या सुमारास उजाडतं आणि साडेपाचच्या आसपास सूर्य बुडतो. हाती अकरा तास. त्यातून जेवणं, थांबे, पोलिसांचे नाके वजा केले की चाकं फिरायला सहा-सात उरतात, आणि सरासरी वेग ताशी चाळीसच्या घरात राहतो. दिवसाला अडीचशे किलोमीटर झाले तर तो दिवस चांगला गेला म्हणायचं.

अंधार पडल्यावर का चालवायचं नाही, याचं कारण फक्त लुटारू नव्हेत. दक्षिणेच्या पट्ट्यात ‘दाहालू’ म्हणजे गुरंचोरांच्या टोळ्या आहेत, त्यामुळे रात्रीच्या प्रवासी गाड्या तिथे ताफा करून जातात, हे खरंच. पण रोजचा धोका साधा असतो: बिनदिव्याची बैलगाडी, कोळशाची पोती लादून रस्त्याच्या मधोमध चाललेली सायकल, दिवा एकच चालू असलेला आणि म्हणून मोटरसायकल वाटणारा ट्रक. शिवाय बरेच पूल एकपदरी आहेत. आधी शिरेल त्याचा पूल, हा नियम दिवसा नीट पाळला जातो. रात्री समोरचा आधी शिरला का, तेच कळत नाही.

हा देश आकाराने महाराष्ट्राच्या जवळजवळ दुप्पट. राजधानी आन्तानानारिव्हो, सगळे ‘ताना’च म्हणतात, साधारण १,२८० मीटर उंचीवर. मार्ग सात तिथून निघून डोंगरपठाराच्या कण्यावरून दक्षिणेला जातो आणि शेवटी मोझांबिकच्या खाडीवर, मकरवृत्ताच्या किंचित अलीकडे, समुद्रसपाटीला टेकतो. वाटेत भातखाचरं, पावसाळी जंगल, गवताळ माळ, वालुकाश्माचे कडे आणि काटेरी झुडपांचं रान, इतकं सगळं एकामागोमाग येतं. गारठ्याची तयारी ठेवावी लागते. उष्णकटिबंधातलं बेट म्हणून नुसते सुती कपडे घेऊन आलेले लोक पठारावरच्या आन्त्सिराबे गावी जुलैच्या रात्री हॉटेलवाल्याकडे जादा पांघरुणं मागत असतात.

जायचं कसं, याची दोन उत्तरं. पहिलं टॅक्सी-ब्रूस, म्हणजे तिथली वडाप. तानाहून दक्षिणेकडच्या गाड्यांचा तळ ‘फासान्नी काराना’ या भागात आहे. काराना म्हणजे तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले भारतीय वंशाचे व्यापारी, बहुतेक मुळचे गुजराती, आणि फासाना म्हणजे थडगं. त्यांच्या दफनभूमीवरून स्टँडचं नाव पडलं. तळावर उतरताच चार पोरं बॅगेला हात घालतात. बॅग सोडायची नाही आणि सरळ एखाद्या सहकारी संस्थेच्या खिडकीशी जायचं. तिकिटावर नाव आणि सीट नंबर लिहून घ्यायचा, पैसे तिथेच द्यायचे, बाहेरच्या कुणाला नाही.

सीट कुठली, यावर पुढचा सगळा दिवस ठरतो. गाडी बहुधा जुनी मर्सिडीझ स्प्रिंटर, एका ओळीत चार माणसं. चालकाशेजारच्या दोन जागांना पाय पसरता येतात, म्हणून त्या आदल्या दिवशीच जातात. त्या मिळाल्या नाहीत तर चालकामागची पहिली ओळ, खिडकी. मागच्या चाकावरची ओळ घेऊ नये, तिथे प्रत्येक खड्डा थेट मणक्यात येतो. वाटेत उघडबंद होणारी घडीची सीट तर फुकट दिली तरी नको; प्रत्येक थांब्याला उठावं लागतं आणि पाठ टेकायला धड काही नसतं. पैसे असतील तर दोन जागा घ्याव्यात, तिथे कुणी त्याला हसत नाही. सामान टपावर ताडपत्रीखाली जातं, आणि त्याच ताडपत्रीखाली कोंबड्यांच्या टोपल्या, सायकली, तांदळाची पोतीही असतात. जिला पाणी लागू द्यायचं नाही ती वस्तू आधीच प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली बरी. गाडी वेळेवर नव्हे, भरली की सुटते. सकाळी सातची म्हणून दहाला निघालेली गाडी हा अपवाद समजू नये.

टॅक्सी-ब्रूसने एका दमात तुलिआरा गाठायचं तर वीस तास आणि वर किती ते सांगता येत नाही, म्हणजे मधली रात्र रस्त्यावरच. स्वस्तात स्वस्त प्रवास हाच. पण तुकडे पाडून, रोज फक्त दिवसाची गाडी धरून केला तर चांगलाही हाच. शेजारचा माणूस चिरमुटं आलेली संत्री सोलून अर्धी हातात देतो. भाषा येत नसली तरी ती घ्यायची असते.

दुसरं उत्तर, चालकासह भाड्याची गाडी, चार जणांत मिळून. इथे बहुतेकांचं गणित एकाच जागी चुकतं. तुमचा प्रवास तुलिआराला संपतो, गाडीचा संपत नाही. तिला रिकामी का होईना, तानाला परत जायचं असतं. आठ दिवसांचा बेत असेल तर भाडं किमान दहा दिवसांचं आणि डिझेल जातायेताचं. साडेनऊशेच्या दुप्पट, वर आडवाटांचे दीडदोनशे, म्हणजे एकवीसशे किलोमीटरच्या आसपास. जड फोर-बाय-फोर शंभर किलोमीटरला दहा-बारा लिटर सहज पिते, म्हणजे दोनशेदहा ते अडीचशे लिटर. हा आकडा आधी कागदावर मांडला की दरदिवसाचं स्वस्त दिसणारं भाडं कुठे जाऊन पोचतं ते कळतं. चौघांनी वाटून घेतलं तर झेपतं. सहा जणांत आणखी स्वस्त पडेल म्हणून सात सीटच्या गाडीत सहा बसवतात, आणि मग बॅगा मांडीवर येतात. चौघेच बरे.

खरं तर कोरड्या हंगामात मार्ग सातला फोर-बाय-फोर लागतच नाही. उंच तळाची साधी मिनीबस चालते. चारही चाकांचा जोर आडवाटांना लागतो, तेवढ्यासाठी सगळे दिवस महागडी गाडी ठेवण्यात अर्थ नाही. गाडीपेक्षा चालक नीट पारखावा. करार कागदावर हवा: डिझेल कुणाचं, चालकाचं जेवण-राहणं भाड्यात धरलंय का, परतीचे दिवस किती, आणि अंधारात चालवायचं नाही हे स्पष्ट शब्दांत. रस्त्यालगतची पुष्कळ हॉटेलं चालकाला वेगळी खोली फुकट देतात, पण ते आधी विचारावं. दिवसभर ज्याच्या हातात स्टिअरिंग, तो रात्री गाडीत आखडून झोपला तर दुसऱ्या दिवशी जागा किती राहील?

निघण्याआधी दहा मिनिटं गाडीभोवती फिरावं. टायरची नक्षी बोटाने चाचपावी. जादा चाकं दोन हवीत, कारण एक पंक्चर झालं की दुरुस्तीचं गाव येईपर्यंत दुसरं जपायचं असतं. जॅक आणि पाना खरोखर आहेत का, ते उघडून बघावं. ‘आहे, आहे’ हे उत्तर धरू नये. मागच्या सीटचे पट्टे लागतात का बघावं. बिघाड होतात ते बहुधा तीन प्रकारचे. खड्ड्याची धारदार कड टायरला बाजूने कापते, आणि ती फाट पंक्चरवाल्याच्या हातची नसते. चाकांवरच्या स्प्रिंगच्या पाट्यांची पानं तुटतात, बहुतेक वेळा सामान जास्त भरल्याने. आणि पठारावरून खाली येताना चालक ब्रेक दाबूनच उतरत राहिला तर ब्रेक तापून पकड सोडतात. जळका वास आला की संकोच न करता थांबायला सांगावं.

पैशांचं बोलायचं तर देश रोखीचा. चलन आरिआरी, आणि सगळ्यात मोठी नोट २० हजारांची, जी आपल्या चारशे रुपयांच्या आत-बाहेर असते. चार दिवसांचा खर्च काढला तरी गठ्ठा होतो. एटीएम ताना, आन्त्सिराबे, फिआनारान्त्सुआ आणि तुलिआराला भरवशाची. मधल्या गावांत पैसे मिळतील या आशेवर जाऊ नये. अर्धा गठ्ठा फिआनारान्त्सुआला पुन्हा भरून घ्यावा आणि लहान नोटा जपाव्यात. रस्त्यात मुलं खड्ड्यांत माती टाकत उभी असतात आणि गाडीपुढे हात पसरतात. चालक कुणाला देतो, कुणाला नाही, हा त्याचा प्रश्न. त्यात पडू नये.

तानातून बाहेर पडायलाच तास-दीड तास जातो, म्हणून पहिल्या दिवशी आन्त्सिराबेच्या पुढची स्वप्नं बघू नयेत. अंतर १७० किलोमीटर. वाटेत ६८ किलोमीटरवर अंबातुलांपी. इथे थांबलंच पाहिजे, आणि विकायला मांडलेल्या भांड्यांपाशी नव्हे, मागच्या शेडमध्ये. भंगारातलं अ‍ॅल्युमिनियम, इंजिनांचे तुकडे, चेपलेले डबे, सगळं कोळशाच्या भट्टीत वितळवतात. ते ६६० अंशांना वितळतं. शेजारी कारागीर काळसर बारीक मातीत तयार पातेलंच साचा म्हणून पुरतो. माती पायाने आणि मुठीने ठोकून बसवतो, चौकट भागाभागाने उघडतो आणि आतलं पातेलं मातीची कड न ढळू देता काढून घेतो. हे बघताना आपलाच श्वास अडकतो. चौकट पुन्हा जुळवली की आत पातेल्याच्या जाडीएवढी पोकळी राहते, आणि त्या पोकळीत वरच्या भोकातून चंदेरी रस ओततात. काही मिनिटांत माती फोडून गरम पातेलं बाहेर येतं, मग कानसने कड घासायची. ओतणारे कामगार अनवाणी असतात. भांडं शोभेला घ्यायला हरकत नाही. स्वयंपाकाला वापरू नये, कारण भंगारात शिसं मिसळलेलं असू शकतं.

आन्त्सिराबे १,५०० मीटरवर, नॉर्वेच्या मिशनऱ्यांनी वसवलेलं, गरम पाण्याच्या झऱ्यांचं आणि हातरिक्षांचं गाव. इथे खाण्याचंही शिकून घ्यावं, कारण पुढे पर्याय कमी होत जातात. सकाळी रस्त्याकडेला निखाऱ्यावर खळग्यांचा तवा ठेवून तांदळाच्या पिठाचे ‘मुफू गासी’ काढतात. चवीला गोडसर, पण तवा आणि उलटायची काडी पाहून आपल्या आप्प्यांशिवाय दुसरं काही आठवत नाही. दुपारी ‘होतेली’ची पाटी असलेल्या टपरीत ताट भरून भात आणि त्याबरोबर काहीतरी चमचाभर. शाकाहारी माणसाने ‘त्सी मिहिनाना हेना आहू’, मी मांस खात नाही, हे वाक्य पाठ करावं आणि तरीही दोनदा विचारावं. ‘राव्हितुतू’ म्हणजे कसाव्याचा कुटलेला पाला हिरवागार दिसतो, पण त्यात बहुधा डुकराचं मांस असतं. घेवड्याच्या उसळीतही मांसाचा तुकडा निघू शकतो. पाण्याची मात्र उत्तम सोय आहे: भाताच्या पातेल्याला लागलेल्या करपीवर पाणी घालून ते उकळतात, ‘रानुव्हुला’ म्हणतात. उकळलेलं म्हणून पोटाला निर्धास्त, आणि चवही लागते.

आन्त्सिराबेच्या दक्षिणेला मानिया नदीवर फातिहिताचा पूल आहे. २००२च्या सत्तासंघर्षात राजधानीची कोंडी करायला रस्त्यांवरचे पूल उडवले गेले, त्यातला हा एक. पुढे अंबुसित्रा, लाकूडकामाचं गाव. डोंगरातल्या झाफिमानिरी लोकांची कोरीवकामाची कला युनेस्कोच्या यादीत आहे. विकत घेताना लाकूड कोणतं ते विचारावं. तिथल्या रोझवूडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत आणि विमानतळावर वस्तू अडकू शकते.

अंबुसित्रानंतर वळणं सुरू होतात आणि गाडी लागणाऱ्यांची परीक्षा. फिआनारान्त्सुआच्या अलीकडे डावीकडे फाटा फुटतो तो रानुमाफानाचा. हा फाटा टाळून दिवस वाचवणारे पुष्कळ. माझ्या मते मग तानालाच थांबलेलं बरं. १९८७ साली शास्त्राने नोंदवलेला सोनेरी बांबू लेमूर, म्हणजे माकडाचा एक दूरचा भाऊबंद, याच जंगलातला. तो सायनाइड असलेले बांबूचे कोंब खाऊन जगतो, आणि ते कसं पचवतो याचा उलगडा पुरता झालेला नाही. त्याच्यामुळेच १९९१ला इथे राष्ट्रीय उद्यान झालं. उद्यानात वाटाड्या सक्तीचा, आणि त्याची फी माणशी नव्हे, गटाची. म्हणून फाटकाशी सकाळी सातला जी दोघं-तिघं अनोळखी उभी असतील त्यांच्याशी बोलून गट करावा. परदेशी जोडपीही याच शोधात असतात. पायमोजे पँटवर ओढून घ्यावेत, जळवा आहेत. रात्रीची फेरी जंगलाच्या आत नसते, रस्त्याच्या कडेने टॉर्च मारत होते. सरडे आणि बेडूक तेवढ्यातही भरपूर दिसतात.

फिआनारान्त्सुआ लवकर उरकावं आणि अंबालावाव बुधवारी किंवा गुरुवारी गाठावं, कारण तेव्हा गुरांचा बाजार भरतो. सगळा बेत या वाराभोवती आखला तरी चालेल. गावाबाहेरच्या उंचवट्यावर कुंपणात शेकडो वशिंडाची जनावरं, धूळ, आणि खांद्यावर घोंगडीसारखी ‘लांबा’ घेतलेले, हातात लांब काठी धरलेले गुराखी. दक्षिणेकडून दिवसेंदिवस चालत आणलेली जनावरं इथे विकली जातात आणि पुढे उत्तरेला जातात. प्रत्येक जनावराचा कागद असतो. सौदा ठरल्यावर दोघे जण शिंगांचा आकार, कानाची खूण, रंग त्या कागदाशी ताडून बघतात, जुळलं तर पैसे. गुरं पळवणं ही दक्षिणेच्या ‘बारा’ नावाच्या समाजात एके काळी मर्दुमकीची खूण होती. आता त्याच धंद्यात बंदुका आल्यात, म्हणून कागदाला इतकी किंमत. फोटो विचारून काढावा, आणि पाठीमागून धावत येणाऱ्या खोंडाकडे लक्ष असू द्यावं.

दक्षिणेला बारा-तेरा किलोमीटरवर आन्झा. गावकऱ्यांनी स्वतः राखलेलं छोटं रान, शेपटीवर वलयं असलेले लेमूर अगदी हाताच्या अंतरावर. दोन तास पुरतात. इथे आणि पुढे कड्यांच्या कपारीत थडगी आहेत. त्यांच्याकडे बोट दाखवू नये, ते निषिद्ध मानतात. दाखवायचंच तर बोट आत दुमडून. अशी ‘फादी’ गावागणिक बदलतात, म्हणून ओढ्यात उतरण्याआधी किंवा झाडाखाली डबा उघडण्याआधी वाटाड्याला विचारायची सवय लावून घ्यावी.

अंबालावाव ते रानुहिरा सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, आणि संपूर्ण दिवस. इहुसीला जेवून घ्यावं, टाकी भरून घ्यावी. त्यानंतर हुरुम्बेचं पठार: गवत, वारा, तारांचे खांबही नाहीत. इथे गाडी बंद पडली तर सावली फक्त गाडीचीच, म्हणून माणशी तीन लिटर पाणी ठेवावं.

रानुहिराला दोन रात्री हव्यात. इसालूचं उद्यान १९६२चं, वालुकाश्माच्या कड्यांचं. पहाटे निघून नैसर्गिक कुंडापर्यंत चढावं आणि दुपारच्या आत नामाझाच्या घळीत सावलीला उतरावं. उलटं केलं तर भर उन्हात उघड्या खडकावर सापडता. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हे फारच महागात पडतं.

पुढे इलाकाका. १९९८ला इथे नीलम सापडला आणि काही झोपड्यांच्या जागी खाणकामगारांचं शहर उभं राहिलं. रस्त्याला लागून श्रीलंकेच्या आणि थायलंडच्या खरेदीदारांची दुकानं. खडे घेऊ नयेत. काच ओळखता येत नसेल तर ती आपल्याच माथी मारली जाते, आणि खडा खरा निघाला तर निर्यातीचे कागद लागतात. गाडीतून उतरून हिंडण्याचं हे गाव नव्हे. साकाराहा गावानंतर हवा तापते, बाओबाबची झाडं दिसू लागतात, रंगवलेली मोठी थडगी रस्त्याकडेला येतात, आणि तुलिआरा.

परतीचं मात्र पहिल्या दिवशीच ठरवलेलं असावं. तुलिआराच्या हॉटेलांच्या अंगणात रिकाम्या गाड्यांचे चालक बसलेले असतात, मालकाला परतीचे पैसे आधीच मिळालेले. डिझेलमध्ये वाटा आणि चालकाला थोडं वर, एवढ्यावर ते तानाला नेतात. फक्त त्यांना घरची ओढ असते आणि रात्री चालवायची तयारी, म्हणून दोन मुक्कामांची अट आधी घालावी. विमानही आहे, पण देशांतर्गत फेऱ्या बदलतात, रद्द होतात. मुंबईला येणारं विमान ज्या दिवशी, त्याच्या आदल्या दोन रात्री तानातच काढाव्यात. मॉरिशसमार्गे परतणाऱ्याला कागदांचा त्रास कमी. आदिस अबाबा किंवा नैरोबीमार्गे येणाऱ्याने पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला पासपोर्टातच ठेवावा, आणि लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी, त्याआधी दाखला वैध धरत नाहीत.